काटक म्हणून विकले जाणारे झाड

नोव्हेंबर उजाडला की दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडाच्या रोपवाटिकांमध्ये मांसल पानांच्या चिमुकल्या कुंड्यांच्या रांगा लागतात. तीन-चार इंचांची प्लास्टिकची कुंडी, वर रंगवलेल्या खड्यांचा थर आणि त्यातून डोकावणारे सेडम, एचेव्हेरिया किंवा कलांचो. विक्रेता सहसा एकच गुण सांगतो : हे झाड मरत नाही, पाणीही फारसे लागत नाही. सदनिकेत राहणारा, सकाळी आठला कार्यालयासाठी बाहेर पडणारा ग्राहक या एका वाक्यावर कुंडी उचलतो. फेब्रुवारीपर्यंत विक्रेत्याचे म्हणणे खरे ठरते. ऑगस्टमध्ये त्याच कुंडीत काळपट, पिळदार देठ तेवढे उरलेले असतात आणि ग्राहक आपल्या हाताला गुण नाही असे मानून पुन्हा नोव्हेंबरची वाट पाहतो.

दोष हाताचा नाही, शब्दाचा आहे. इंग्रजीत ज्याला स्टोनक्रॉप म्हणतात, म्हणजे दगडावर उगवणारे, ते सेडम युरोपीय उद्यानशास्त्राच्या पुस्तकांत ‘हार्डी’ म्हणून नोंदवलेले असते. मराठीत व हिंदीत या विशेषणाचा अर्थ सरसकट काटक असा घेतला जातो. त्या पुस्तकांच्या परिभाषेत मात्र ‘हार्डी’ म्हणजे हिमतुषार आणि गोठलेली जमीन सोसणारे. जर्मनीच्या किंवा इंग्लंडच्या हिवाळ्यात जे झाड उघड्यावर तग धरते, त्याला हे बिरुद मिळते. दिल्लीच्या जूनबद्दल त्यात एक अवाक्षरही नसते. थंडीच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला उकाड्याच्या परीक्षेचे प्रमाणपत्र देऊन टाकण्याचा हा प्रकार आहे. गेल्या काही वर्षांत बाल्कनी व गच्चीवरील बागांचा जो बाजार राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात उभा राहिला, त्याचा मोठा भाग या गैरसमजावर चालतो.

२०२४ चा उन्हाळा या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. २९ मे रोजी सफदरजंग वेधशाळेत कमाल तापमान ४६.८ अंश सेल्सिअस नोंदले गेले. १९ जूनच्या पहाटे त्याच वेधशाळेत किमान तापमान ३५.२ अंश होते. त्यानंतर नऊच दिवसांनी, २८ जून रोजी, चोवीस तासांत २२८.१ मिलिमीटर पाऊस झाला. एका महिन्यातल्या या तीन नोंदी. सामान्य माणूस पहिल्या आकड्याला घाबरतो आणि कुंडी सावलीत हलवतो. सेडमला खरा धोका दुसऱ्या आकड्याचा असतो आणि त्याचा जीव तिसरा आकडा घेतो.

असे का, हे समजण्यासाठी दोनशे वर्षे मागे आणि थोडे दक्षिणेकडे जावे लागते. मद्रास इलाख्यात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. पानफुटीचे पान पहाटे चघळले तर आंबट लागते, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट. हे निरीक्षण त्यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळवले व ते १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पानफुटी आणि सेडम एकाच कुळातली, क्रॅसुलेसी कुळातली. इतर बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून कर्बवायू घेतात. या कुळातील वनस्पती पाणी वाचवण्यासाठी दिवसा रंध्रे मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कर्बवायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठतो, म्हणून पहाटे पान आंबट. दिवसा उजेड मिळाला की तेच आम्ल वापरून अन्न तयार होते, म्हणून दुपारी पान बेचव. पुढे या प्रक्रियेला कुळाचेच नाव मिळाले आणि ‘कॅम’ या संक्षेपाने ती जगभर शिकवली जाते. तिची एक अगदी सुरुवातीची नोंद भारतातल्या पानफुटीवरून झाली, हे कृषी पदवीच्या वर्गातही क्वचितच सांगितले जाते.

ही व्यवस्था रात्रीच्या गारव्यावर अवलंबून असते. वाळवंटात आणि डोंगरकड्यांवर दिवस कितीही तापला तरी रात्र थंड होते आणि त्या थंडाव्यात झाडाचा श्वास चालतो. रात्र ३० अंशांच्या वर राहिली की आम्ल साठवण्याचे काम मंदावते आणि श्वसनाचा खर्च वाढतो. दिल्लीच्या सिमेंटच्या गच्चीवर मध्यरात्रीही जमिनीतून धग येत असते. तेथील सेडम दिवसा उपाशी असते आणि रात्रीही जेवत नाही. ते साठ्यावर जगते, वाढ थांबवते, खालची पाने टाकते. अशा स्थितीत त्याला पाणी नको असते. नेमक्या त्याच वेळी मान्सून येतो. भुकेने अर्धमेल्या मुळांभोवती पाणी साचते, कोकोपीटने भरलेली कुंडी पंधरा-पंधरा दिवस वाळत नाही आणि पिथियम व फायटोफ्थोरासारख्या मूळकूज घडवणाऱ्या बुरशीसदृश जीवांना मोकळे रान मिळते. मालक मात्र पाने गळताना पाहून झाड तहानले असे समजतो आणि आणखी एक लोटा ओततो.

म्हणून दिल्लीत सेडम लावूच नये काय? तसे म्हणणे अतिरेकाचे होईल. सेडमच्या काही शेकडो जाती आहेत आणि त्या सगळ्या एका प्रकृतीच्या नाहीत. मेक्सिकोच्या उष्ण पट्ट्यातून आलेले, पानांच्या लांब वेण्या सोडणारे सेडम मॉर्गेनियानम, ज्याला बाजारात गाढवाची शेपटी म्हणतात, किंवा पिवळसर हिरव्या चटईसारखे पसरणारे सेडम मेक्सिकॅनम यांना दिल्लीचा हिवाळा आणि वसंत मानवतो. आडोसा मिळाला तर उन्हाळाही निभतो. याउलट युरोपच्या भिंतींवर वाढणारे सेडम एकर किंवा सेडम अल्बम आणि शरद ऋतूत गुलाबी तुरे देणारे उंच स्टोनक्रॉप यांच्या मागे दिल्लीकरांनी लागू नये. उंच स्टोनक्रॉपला तर आता वनस्पतिशास्त्रज्ञांनी सेडममधून काढून हायलोटेलेफियम या वेगळ्या प्रजातीत घातले आहे. त्याला विश्रांतीसाठी कडाक्याचा हिवाळा लागतो. तो दिल्लीत मिळत नाही आणि पुण्या-नाशकात तर नाहीच.

गच्च्यांवर ‘हिरवे छत’ उभारून देणारे सल्लागार जर्मनीचा दाखला देतात. तेथे आठ-दहा सेंटिमीटर जाडीच्या हलक्या थरावर सेडमच्या चटया अंथरून हजारो छते हिरवी केली गेली, हे खरे आहे. अमेरिकेत डिअरबॉर्न येथील फोर्ड कंपनीच्या कारखान्याचे दहा एकरांहून मोठे सेडमचे छतही प्रसिद्ध आहे. पण तो पातळ थर दिल्लीच्या मे महिन्यात तव्यासारखा तापतो आणि पाऊस जुलै-ऑगस्टच्या मोजक्या दिवसांत कोसळतो. त्या छतांचे गणित थंड रात्री आणि वर्षभर विखुरलेला पाऊस यांवर आधारलेले आहे. आयात केलेल्या नकाशावर घर बांधता येते, बाग नाही.

दिल्लीतील लागवडीचे वेळापत्रक युरोपच्या अगदी उलट धरावे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात चार-पाच सेंटिमीटरचे शेंडे तोडून, दोन-तीन दिवस सावलीत ठेवून, कापलेले टोक वाळले की लावावेत. टोक न वाळवता लावलेली छाटणी कुजते, एवढे एक पथ्य पाळले तरी निम्मे नुकसान टळते. माध्यमासाठी दिल्लीकरांच्या हाताशी एक उत्तम वस्तू आहे. बांधकाम साहित्याच्या दुकानांत जिला नुसते ‘बदरपूर’ म्हणतात, ती जाड, खरखरीत वाळू. अरवलीच्या गारगोटी खडकांतून आलेली ही वाळू निम्मी, उरलेल्या निम्म्यात बागेची माती आणि चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत समसमान. महाराष्ट्रात तिच्या जागी विटांचा चुरा किंवा चाळलेला मुरूम चालतो. मुंबई-पुण्याच्या रोपवाटिकांतून येणाऱ्या कुंड्या बहुधा निव्वळ कोकोपीटच्या असतात, कारण वजन कमी तर वाहतूक स्वस्त. अशी कुंडी घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात माध्यम बदलावे. भाजलेल्या मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

ऑक्टोबर ते मार्च पूर्ण ऊन, पाणी दहा-बारा दिवसांतून एकदा. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात तर पंधरवड्यातून एकदाही पुरते. एप्रिलमध्ये कुंडी पूर्वेकडे न्यावी, म्हणजे सकाळचे ऊन मिळेल व दुपारचे टळेल. मे-जूनमध्ये संध्याकाळी अगदी थोडे पाणी. जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कुंडी पावसाखाली येता कामा नये. सज्जा, पारदर्शक पत्रा, काहीही चालेल, हवा मात्र खेळती हवी. या चार महिन्यांत खत नाही, कलम नाही, कुंडी बदलणे नाही. इतके करूनही काही झाडे जातील. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी उरलेल्या झाडांचे शेंडे घेऊन नवी पिढी तयार करणे हाच दिल्लीतला खरा ‘बहुवार्षिक’पणा आहे. झाड टिकत नाही, वाण टिकतो. आणखी एक गोष्ट दिल्लीपुरती. नोव्हेंबरच्या धुरकट हवेतली धूळ पानांवर साचते आणि धुळकट पानांवर कोळी चटकन वाढतात. महिन्यातून एकदा सकाळी पाने धुऊन कुंडी उन्हात निथळू द्यावी.

इथपर्यंतचा विषय उद्यानविद्येचा झाला. विस्तार कार्यकर्त्यांनी या कुंडीकडे गांभीर्याने पाहावे, त्याचे कारण वेगळे आहे. ते पानांच्या बेचक्यात, पांढऱ्या कापसासारखे बसलेले असते.

पिठ्या ढेकणाला मांसल पानांची झाडे फार मानवतात. पानांची दाट रचना, आत न शिरणारे फवारे, कोरडी हवा आणि वर्षभर रस. मुळांवर राहणाऱ्या पिठ्या ढेकणाच्या जाती तर कुंडी उलटी केल्याशिवाय दिसत नाहीत. माती व कुंडीच्या भिंतीमध्ये पांढरी भुकटी दिसली की समजावे. ग्राहक तिला बुरशी समजतो, विक्रेताही बहुधा तेच सांगतो. हा प्रश्न शोभेच्या झाडापुरता मर्यादित राहत नाही, हे या देशाने दोनदा भरपूर किंमत देऊन शिकले आहे.

कपाशीवरील पिठ्या ढेकूण, फेनाकोकस सोलेनोप्सिस, मूळचा अमेरिकेतला. १८९८ मध्ये न्यू मेक्सिको प्रांतातून त्याचे पहिले वर्णन झाले. २००५ नंतरच्या दोन-तीन हंगामांत त्याने गुजरात, पंजाब व हरियाणातील कपाशी अक्षरशः पांढरी केली आणि महाराष्ट्रातही तो पसरला. पुढे सर्वेक्षणे झाली तेव्हा कपाशीबरोबरच गाजर गवत, जास्वंद, अंगणातला ऑफिस टाइम असे शेकडोंच्या घरातले यजमान सापडले. शेतकरी कपाशीवर फवारत होता आणि कीड बांधावरच्या गवतात व वस्तीतल्या कुंड्यांत सुखाने नांदत होती.

या कथेचा उत्तरार्ध दिल्लीतला आहे. २००८ च्या सुमारास दिल्ली परिसरात पिठ्या ढेकणाच्या काही पिल्लांची अंगे फुगून तांबूस-तपकिरी, टणक झालेली आढळली. त्यांच्या आत एक सूक्ष्म परजीवी गांधीलमाशी वाढत होती. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे वर्गीकरणतज्ज्ञ मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये तिचे वर्णन केले आणि एनासियस बंबावालेई असे नाव दिले. हे नाव नवी दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन संशोधन केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. बंबावाले यांच्या आडनावावरून आले. एका मराठी आडनावाची ही गांधीलमाशी पुढे वर्गीकरणतज्ज्ञांनी अमेरिकेतून आधीच वर्णन झालेल्या एनासियस ॲरिझोनेन्सिसशी एकरूप ठरवली, त्यामुळे ते नाव आता समानार्थी नावांच्या यादीत गेले. नाव गेले तरी त्यातून निघणारा अर्थ राहिला. कीडही अमेरिकेची आणि तिचा शत्रूही अमेरिकेचा. शत्रूला कोणी परवाना काढून आणले नव्हते. तो मागाहून आपणहून आला आणि त्याने फवाऱ्यांना न जमलेले काम मोठ्या प्रमाणावर करून दाखवले.

पपईवरील पिठ्या ढेकणाची गोष्ट थोडी निराळी. २००८ मध्ये कोईमतूरला त्याची नोंद झाली, दोन वर्षांत तो पुण्यापर्यंत आला. त्याच्यासाठी पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाये ही परजीवी माशी २०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने रीतसर आणवली आणि सोडली. पपई व तुतीच्या ज्या बागायतदारांनी ते वर्ष पाहिले, त्यांना जैविक नियंत्रणाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

या दोन्ही उदाहरणांच्या उजेडात गच्चीवरच्या कुंडीत काय चालते ते पाहावे. सेडमवर पांढरे ठिपके दिसताच घरगुती बागायतदार समाजमाध्यमावरचा सल्ला घेतो आणि इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही कीटकनाशक कुंडीत ओततो. मात्रा अंदाजाने, झाकणाच्या मापाने. मांसल झाड ते दीर्घकाळ साठवते आणि ते फुलांच्या मधुरसातही उतरते. सेडमची फुले चांदणीच्या आकाराची, उथळ, मध उघड्यावर ठेवणारी. लांब सोंड नसलेल्या कीटकांना, म्हणजे सिरफिड माश्या, चिमुकल्या मधमाश्या आणि परजीवी गांधीलमाश्या यांना हे उघडे ताट मोठे सोयीचे असते. एनासियससारख्या माशीचे प्रौढ आयुष्य अशा मधावरच लांबते. जी कुंडी मित्रकीटकांचे अन्नछत्र होऊ शकते, तीच विषाची वाटी बनते. दुसरे असे की कीटकनाशकाची शिफारस पीकनिहाय, लेबलवर नोंदलेली असते. गच्चीवरच्या सेडमसाठी ती शिफारस बाटलीवर शोधून सापडणार नाही. तिसरे, मॅलॅथिऑन व डायमेथोएटसारख्या ऑर्गनोफॉस्फेट औषधांनी या कुळातील अनेक झाडांची पाने डागाळतात आणि गळतात. कीड मरण्याआधी झाड मरते.

उपाय साधा आहे आणि म्हणूनच कोणी विकत नाही. नवे रोप आणले की तीन आठवडे इतर झाडांपासून दूर ठेवावे. कुंडीतून अलगद काढून मुळे पाहावीत, साध्या दहापट भिंगाने बेचके पाहावेत. ढेकूण दिसला तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने टिपावा, आठवड्याने पुन्हा. मुळांवर असेल तर माती पूर्ण झाडून, मुळे धुऊन, सावलीत वाळवून नव्या माध्यमात लावावे. झाड फारच ग्रासलेले असेल तर निरोगी शेंडे घेऊन बाकीचे बंद पिशवीत घालून टाकावे. कचऱ्यावर उघडे फेकू नये. टणक, तपकिरी ममी दिसल्या तर मात्र काहीही करू नये. हातातली काडी खाली ठेवावी. साबण-तेलाचे फवारे मांसल पानांवरचा मेणाचा थर काढून टाकतात, म्हणून ते शेवटी. मोठ्या रोपवाटिकेसाठी क्रिप्टोलेमस हा ढाल कीडा आहेच. १८९८ पासून तो या देशात आहे आणि पिठ्या ढेकणावर जगतो. त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या तंतूंनी झाकलेली असल्यामुळे अनेकदा ढेकूण समजून मारली जाते, हे प्रशिक्षणात आवर्जून दाखवावे.

मारू नये अशी आणखी एक अळी याच कुळाच्या झाडांवर असते आणि तिच्याबद्दल तक्रारी वाढत आहेत. पानफुटी किंवा कलांचोचे पान आतून पोखरलेले, पारदर्शक फोडासारखे दिसते आणि उजेडात धरले की आत काळपट विष्ठा व अळी दिसते. ही रेड पिएरो या फुलपाखराची अळी. काळा, पांढरा आणि मागच्या पंखावर ठळक नारिंगी, असे हे फुलपाखरू द्वीपकल्पीय भारतात जुने परिचित. उत्तरेत ते फारसे नव्हते. या शतकाच्या आरंभी डेहराडून परिसरात ते स्थिरावल्याचे नोंदले गेले आणि आता दिल्ली परिसरातल्या बागांतही ते दिसते. मादी पानावर अंडे घालते, अळी पानाच्या दोन थरांमधला गर खात आतच वाढते. बाहेरचा फवारा तिला लागत नाही आणि भक्षकांनाही ती सहजी दिसत नाही.

तिच्या या उत्तरायणाला हवामानबदलाचे कारण दिले जाते, ते काही अंशी असेलही. पण फुलपाखरू जेवणाशिवाय प्रवास करत नाही. मादागास्करहून आलेली पानफुटी घराघरांत आणि हिवाळ्यात कुंडी-कुंडीतून विकला जाणारा रंगीत फुलांचा कलांचो नसता तर या मार्गावर अन्नाचे इतके सलग मुक्काम कोठून आले असते? रोपवाटिकांनीच त्याला वाट करून दिली असे मानण्यास भरपूर जागा आहे. या वाटेने फुलपाखरू आले, त्याच वाटेने पिठ्या ढेकूणही येतो. फरक इतकाच की अळीने खाल्लेले कलांचो पुन्हा फुटते, पानफुटी तर पानाच्या कडेवरूनही फुटते, आणि कोणत्याही शेतपिकावर ही अळी जात नाही. तिच्यावर औषध मारण्यास शास्त्रीय आधार नाही. विक्रीसाठी कलांचो पिकवणाऱ्याने जाळीआड वाढवावे. घरच्या बागेत एखाद-दुसरी पानफुटी तिच्यासाठी राखावी.

पानफुटीचा विषय निघालाच आहे तर उत्तर भारतात तिला पत्थरचट्टा म्हणतात, तेही ध्यानात घ्यावे. दगड चाटणारे झाड, म्हणजे स्टोनक्रॉपचा जणू सख्खा भाऊ. या नावामुळे मुतखड्यावर ती सर्रास खाल्ली जाते. आयुर्वेदातला पाषाणभेद म्हणून आज बहुतेक ठिकाणी हिमालयातला बर्जेनिया वापरला जातो, तो पूर्णपणे वेगळ्या कुळातला. पानफुटीत व कलांचोच्या इतर जातींत हृदयावर परिणाम करणारी बुफाडायनोलाइड द्रव्ये असतात आणि या गटातील झाडे खाऊन ऑस्ट्रेलियात गुरे दगावल्याच्या नोंदी आहेत. छाटणीचा कचरा शेळ्या-गुरांपुढे टाकू नये, एवढे तरी प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने सांगावे.

दिल्लीत कुंडीचा आणखी एका कीटकाशी संबंध येतो. १९९६ च्या डेंग्यूच्या साथीत या शहरात १०,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि ४०० हून अधिक माणसे दगावली. तेव्हापासून महापालिकेचे कर्मचारी कूलरबरोबर कुंड्यांखालच्या बशाही तपासतात. एडिस डासाची अंडी बशीच्या कडेला कोरडी पडूनही काही महिने जिवंत राहतात. सेडमच्या कुंडीला बशीची गरजच नाही, उलट बशीने त्याची मुळे कुजतात. या एका बाबतीत झाडाचे हित आणि शहराचे हित तंतोतंत जुळते. विक्रेत्यांनी कुंडीसोबत बशी देणे थांबवले तरी बरेच काम होईल.

हे सारे महाराष्ट्रातल्या प्रगतिशील शेतकऱ्याशी थेट निगडित आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या परिसरात आणि इतरत्र शोभेच्या रोपांचे शेडनेट वाढत आहेत. दूरच्या महानगरांकडे ट्रकने, आता तर टपालाच्या खोक्यातून, रोपे जातात. एकेकाळी दिल्लीत असलेले पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय पुण्याला आले, ही या व्यवसायासाठी जमेची बाजू. परंतु रोपांच्या आरोग्याबाबत कायद्याची चौकट विरळ आहे. महाराष्ट्राचा १९६९ चा रोपवाटिका कायदा फळझाडांपुरता. २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश परदेशातून येणाऱ्या मालावर लक्ष ठेवतो. देशांतर्गत निर्बंध बटाट्याचा मस्सा रोग, सॅन होजे खवले कीड अशा मोजक्या शत्रूंसाठी आहेत. कालिम्पाँगहून गुरुग्रामला किंवा पुण्याहून नोएडाला जाणाऱ्या सक्युलंटच्या खोक्याची झडती कोठेही होत नाही. नवा कायदा होईपर्यंत वाट पाहण्यापेक्षा उत्पादकांनी स्वतःच शिस्त आणणे अधिक फायद्याचे ठरेल. मातृवृक्षांचे शेडनेट वेगळे ठेवणे, दर पंधरवड्याला शंभरातल्या दहा कुंड्या उलट्या करून मुळे पाहणे, पाठवणीआधी आंतरप्रवाही औषध न वापरणे.

ग्राहकाशी प्रामाणिकपणा हाही त्यातलाच भाग. सेडमच्या कुंडीवर ‘न मरणारे’ असे लिहिण्याऐवजी ‘ऑक्टोबर ते मार्च वाढते, पावसाळ्यात छपराखाली ठेवा, बशी नको’ असे लिहिले तर विक्री घटेल अशी भीती व्यापाऱ्यांना वाटते. ती अनाठायी आहे. ज्या ग्राहकाची पहिली कुंडी ऑगस्टमध्ये कुजते, तो तीनदा फसून चौथ्या वर्षी प्लास्टिकचे झाड आणतो.

राजधानी क्षेत्रात दिल्लीचे उजवा येथील आणि गुरुग्रामजवळचे शिकोहपूर येथील कृषी विज्ञान केंद्र ग्रामीण युवकांसाठी व्यावसायिक प्रशिक्षणे घेतात. महाराष्ट्रातली केंद्रेही घेतात. रोपवाटिकेच्या प्रशिक्षणात कलमे, माध्यम, शेडनेटचे अनुदान आणि विपणन शिकवले जाते. कीटकशास्त्राच्या वाट्याला शेवटचा अर्धा तास आणि औषधांचा एक तक्ता येतो. त्याऐवजी प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याच्या हातात एक भिंग, एक ग्रासलेली कुंडी आणि दोन तास द्यावेत. जिवंत ढेकूण, तपकिरी ममी, क्रिप्टोलेमसची अळी आणि पानफुटीच्या पानातली रेड पिएरोची अळी, या चार गोष्टी ज्याला वेगळ्या ओळखता आल्या, त्यालाच फवारणी पंपाकडे जाऊ द्यावे.